पोकलेन चालवणारे झालो, आता दुरुस्त करणारेही होऊ या

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जलयुक्त शिवारची कामे गावोगाव चालू होती. आमच्या वस्तीपासून चार किलोमीटरवर नाला खोलीकरणाचे काम लागले होते. वस्तीतील एक मुलगा तेथे पोकलेनवर होता. आधी दोन वर्षे तो यंत्राला ग्रीस मारायचा, काचा पुसायचा, डिझेलचे कॅन वाहायचा. मग हळूहळू केबिनमध्ये बसून यंत्र चालवू लागला. वय बावीस. घरात सगळ्यांना आनंद होता की पोरगा रोजंदारीतून सुटला.

एके दिवशी सकाळी दहाला यंत्र बंद पडले. खाली चार टिपर रांगेत उभे राहिले. ठेकेदार फोनवर फोन करू लागला. चालवणारा, हेल्पर, टिपरवाले असे सगळे बाभळीखाली जाऊन बसले. यंत्र बंद म्हणजे त्यांचा रोज बंद. संध्याकाळी चारला औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) कंपनीचा मेकॅनिक आला. त्याच्याजवळ पान्यांची पेटी, दाब मोजायचे गेज आणि एक लॅपटॉप होता. दिवसभर सगळ्यांवर ओरडणाऱ्या ठेकेदाराने स्वतः खुर्ची आणून दिली, चहा मागवला, ‘साहेब’ म्हणून हाक मारली. तासाभरात यंत्र चालू झाले.

त्या रात्री तो मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, “काका, त्या साहेबाला मी इचारलं, शिक्षण किती झालं तुमचं? आयटीआय म्हणला. दहावीला माझ्यापेक्षा कमी मार्क होते त्याला.”

त्याचे बोलणे आमच्या जिव्हारी लागले, कारण सहा वर्षांपूर्वी हाच मुलगा दहावीचा निकाल घेऊन आमच्याकडेच आला होता. आम्ही बी. कॉम. झालेले, कारकुनाच्या खुर्चीवर बसणारे. आम्ही त्याला सांगितले, “अकरावी कॉमर्सला जा.” आयटीआयचे नावसुद्धा आम्ही काढले नाही. पान्याचे काम म्हणजे शिक्षणात मागे पडलेल्यांचे काम, ही समजूत आमच्याही डोक्यात होती. बारावीत तो नापास झाला, घरची ओढाताण होती, आणि तो यंत्रावर हेल्पर म्हणून गेला. चूक त्याची नव्हती, आमच्या सल्ल्याची होती. ती आज येथे कबूल करतो, कारण असा सल्ला देणारे आम्ही एकटे नाही.

हातांची जागा यंत्राने घेतली

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या प्रत्येक घरात आहेत. आमची आई सांगते, तेव्हा सगळे घर खडी फोडायला जायचे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. डोक्यावर टोपली, पायात काही नाही, खायला मिलो आणि सुकडी. त्याच काळात राज्यात रोजगार हमी सुरू झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे आणि तो आपल्या परभणी जिल्ह्यापर्यंत पाणी आणतो. मराठवाड्यातल्या अशा कामांवर आपल्या आई-वडिलांनी, आजोबांनी किती माती उपसली याचा हिशोब कोणत्या वहीत लिहिलेला नाही.

आज तीच माती यंत्र उचलते. शंभर माणसांनी दिवसभर करायचे काम एक पोकलेन काही तासांत करते. ७०१ किलोमीटरचा मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जालन्यावरून गेला आणि ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला. जालन्याहून नांदेडकडे जाणारा जो द्रुतगती महामार्ग आखला आहे, तो आपल्या जिल्ह्यातून जातो. विहीर खोदायची, शेततळे करायचे, घराचा पाया घ्यायचा, तरी माणूस आधी जेसीबीवाल्याला फोन लावतो. टोपलीचे काम गेले ते परत येणार नाही, आणि ते परत यावे असे आपल्या आयांनाही वाटत नाही. पण टोपली गेली तेव्हा त्या जागी आपल्या वाट्याला काय आले, हे पाहिले पाहिजे. आले ते हेल्परचे काम, आणि फार तर यंत्र चालवण्याचे. यंत्राचा मालक दुसरा आणि यंत्राचा जाणकारही दुसराच.

मालक होण्याला भांडवल लागते. मागे खोदणारा हात आणि पुढे भरणारी बादली असलेले नवे यंत्र तीस लाखांच्या पुढे जाते. जाणकार होण्याला मात्र दहावी पास, दोन-तीन वर्षांची चिकाटी आणि शिकण्याची तयारी एवढेच भांडवल लागते. ते आपल्याजवळ आहे.

जाता जाता एक गंमत सांगतो. ‘पोकलेन’ आणि ‘जेसीबी’ ही यंत्रांची नावे नाहीत, कंपन्यांची आहेत. पोकलेन ही फ्रान्समधील कंपनी. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाच्या नावाची आद्याक्षरे. त्याने १९४५ साली इंग्लंडमध्ये हा धंदा सुरू केला. १९७९ साली ही कंपनी भारतात आली. तिचा एक कारखाना आपल्या महाराष्ट्रात पुण्याजवळ तळेगावला आहे. चाकणलाही अशा अवजड यंत्रांचे परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत. म्हणजे ज्या यंत्रांपुढे आपण हात जोडून उभे राहतो, ती आपल्याच राज्यात आपल्यासारख्यांच्याच हातांनी जोडली जातात.

हे काम नेमके असते काय?

पुष्कळ पालकांना वाटते, मेकॅनिक म्हणजे ऑइलने माखलेला, पाना-हातोडीने ठोकाठोक करणारा माणूस. अवजड यंत्रांचे काम ठोकाठोकीने होत नाही. त्याचे चार भाग आहेत. पहिला डिझेल इंजिन. दुसरा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा भाग. तिसरा गिअर, ब्रेक, चाके किंवा साखळीपट्टा. चौथा वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स. या चारही भागांचे ज्याला समजते, तो खरा सर्व्हिस टेक्निशियन.

हायड्रॉलिकचे उदाहरण घेऊ. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पास्कलचा नियम असतो. बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. आपण तो पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि विसरलो. पोकलेनचा हात याच नियमावर चालतो. आतील तेलाचा दाब २५० बार धरला, तर एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे अडीचशे किलोचा भार येतो. सिलिंडरचा आतील व्यास १० सेंटीमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर. आता गुणाकार करा. जवळपास २० टनांचा जोर. ज्या गणिताला मुले घाबरतात, ते गणित दगड उचलते!

हे तेल स्वच्छ ठेवणे हा या कामाचा प्राण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हायड्रॉलिकच्या फिल्टरला १० मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे कण अडवावे लागतात. असे कण पंपात आणि व्हॉल्व्हमध्ये गेले की धातू घासला जातो आणि लाखोंची दुरुस्ती निघते. धुळीत उभे राहून, मळक्या डब्यातून तेल ओतणारा हेल्पर नकळत मालकाचे यंत्र मारत असतो. शिकलेला मेकॅनिक आधी झाकणाभोवतीची जागा पुसतो, मग झाकण उघडतो. शिकलेला आणि न शिकलेला हात येथेच ओळखू येतो.

या यंत्रांचे आयुष्य किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. यंत्रात तास दाखवणारा मीटर असतो. साधारण २५०, ५००, १००० आणि २००० तासांना कोणते तेल, कोणता फिल्टर बदलायचा हे कंपनीच्या पुस्तकात छापलेले असते. सकाळी यंत्र चालू करण्याआधी इंजिन ऑइल, पाणी, हायड्रॉलिक तेलाची पातळी पाहायची, ग्रीस मारायचे, गळती आहे का बघायची. हे रोजचे काम झाले.

आता बिघाड कसा शोधतात ते पाहा. समजा यंत्राचा हात नेहमीपेक्षा हळू उचलतो. अर्धवट शिकलेला म्हणेल, “पंप गेला, बदला.” पंप महाग. बदलूनही हात हळूच उचलला तर मालक कपाळाला हात लावतो. शिकलेला मेकॅनिक आधी तेलाची पातळी बघतो. मग फिल्टर तुंबला आहे का ते पाहतो. एकच हात हळू आहे की सगळ्याच हालचाली हळू आहेत, हे चालवणाऱ्याला विचारतो. सगळ्याच हळू असतील तर पंपाकडे किंवा मुख्य रिलीफ व्हॉल्व्हकडे संशय जातो. एकच हळू असेल तर त्या सिलिंडरचे सील किंवा त्याच वाटेवरचा व्हॉल्व्ह तपासायचा. मग गेज लावून दाब मोजायचा, पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचा. म्हणजे डॉक्टर जसा नाडी, ताप, रक्त बघून औषध देतो तसेच हे आहे.

शिवाय आता धुराचे नियम कडक झाले आहेत. चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांसाठी २०२१ साली आणि पुन्हा २०२५ च्या जानेवारीपासून नवे नियम लागू झाले. त्यामुळे नव्या इंजिनांत संगणक, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी उपकरणे आली. ती लॅपटॉप जोडून तपासावी लागतात. केवळ कान लावून इंजिनचा आवाज ओळखणाऱ्या जुन्या मिस्त्रींचा अनुभव मोठाच आहे, पण आता त्याला अक्षर-अंकाची जोड लागते. आपल्या मुलांना दहावीपर्यंत शिकवल्याचे फळ येथे मिळते.

वाट कोठून सुरू होते?

परभणीत शासकीय आयटीआय आहे आणि तालुक्यांच्या ठिकाणीही आयटीआय आहेत. प्रवेश दहावीनंतर, गुणांवर आणि ऑनलाइन अर्जाने होतो. वय १४ वर्षे पूर्ण असावे लागते. मधे शाळा सुटून चार-पाच वर्षे गेली म्हणून दार बंद होत नाही. या कामासाठी दोन अभ्यासक्रम विशेष उपयोगाचे. डिझेल मेकॅनिक एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिक, म्हणजे यांत्रिक मोटारगाडी, दोन वर्षांचा. कोणत्या संस्थेत कोणता अभ्यासक्रम आहे, जागा किती आहेत, हे अर्ज भरण्यापूर्वी त्या संस्थेत जाऊन फलकावर पाहावे.

घरची अडचण फार असेल तर एक वर्षाचा घ्यावा. जमत असेल तर आमचा आग्रह दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा आहे. कारण दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेला विद्यार्थी पुढे तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला पात्र ठरतो, आणि पदविका झालेला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे पाना हातात घेतल्याने पुस्तकाची वाट बंद होत नाही.

आयटीआयनंतरची पायरी शिकाऊ उमेदवारीची, जिला आपण अप्रेंटिस म्हणतो. पुष्कळ मुले ही पायरी सोडून देतात आणि तेथेच फसतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने ३० किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. याच कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. रक्कम मोठी नाही. पण हेल्पर म्हणून राबताना हातात कागद येत नाही. अप्रेंटिस संपून परीक्षा पास झाले की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते आणि ते देशभर चालते.

अप्रेंटिस कोठे करावी? आपल्या दारातच एसटीचा परभणी विभाग आहे. एसटीच्या कार्यशाळांत आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेतात. बसचे इंजिनही डिझेलचेच, हात बसायला उत्तम. यंत्र बनवणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे विक्रेते यांच्याकडेही शिकाऊ मुले घेतात. विदर्भात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या खाणींत प्रचंड डंपर आणि शॉव्हेल चालतात, तेथेही शिकाऊ उमेदवारांच्या जाहिराती निघतात. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या सीमा सडक संघटनेत वाहन मेकॅनिकची भरती होते. अवजड यंत्रांच्या कामासाठी देशात एक वेगळी कौशल्य परिषदही आहे. तिने इंजिन, हायड्रॉलिक, वीज अशा विभागांनुसार कनिष्ठ मेकॅनिकचे अभ्यासक्रम आखले आहेत.

कागद आधी, धावपळ नंतर

कारकून म्हणून रोज कागदांतच बसत असल्याने हा भाग आम्ही जरा खुलासेवार सांगतो. गुण असूनही आपल्या मुलांचे प्रवेश कागदावाचून हुकतात.

पहिला कागद जातीचा दाखला. १९९० साली घटनेच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती देशभर लागू झाल्या. आयटीआयमध्ये अनुसूचित जातीसाठी १३ टक्के जागा असतात. पण दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळची बरीच दप्तरे उर्दूत आहेत. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जुने महसुली कागद शोधायला महिने लागतात. म्हणून दहावीच्या निकालाची वाट न पाहता मूल नववीत असतानाच या कामाला लागावे. चुलत्याचा किंवा आत्याचा दाखला आधी निघाला असेल तर त्याची प्रत जपून ठेवावी.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आयटीआयच्या विद्यार्थ्यांनाही असते. त्यासाठी पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. तिसरे, मुलाच्या स्वतःच्या नावाचे आणि आधार जोडलेले बँक खाते. गावाहून येणाऱ्या मुलांसाठी समाजकल्याण खात्याच्या वसतिगृहाचा अर्जही वेळेत भरावा.

आणि एक सावधगिरी. ‘तीस दिवसांत मेकॅनिक व्हा, शंभर टक्के नोकरी’ अशा जाहिराती भिंतीभिंतींवर असतात. पैसे भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा. या प्रमाणपत्राला सरकारी मान्यता कोणती? आणि मागच्या वर्षीच्या दहा मुलांचे पत्ते देता का? उत्तर गोलमोल आले तर उठून यावे. आईच्या गळ्यातले विकून किंवा सावकाराकडून उचल घेऊन असे पैसे कधीही भरू नयेत.

बाबासाहेबांनी मागितलेली जागा

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धासाठी कारागीर तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात नोकऱ्यांतील जागांबरोबर विज्ञान-तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे अशीही मागणी केली. म्हणजे ज्या माणसाने आपल्याला वकिली, प्राध्यापकी, कलेक्टरी यांची स्वप्ने दिली, त्यानेच कारखान्यातील शिकाऊ जागाही मागून घेतली. आमच्यासारख्या कारकुनांनी पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो. रेल्वेच्या नोकरीने एकेका घराचे काय सोने केले, हे पूर्णा जंक्शनच्या लोकांना आम्ही सांगायला नको.

जिवापेक्षा काम मोठे नाही

या कामात धोका आहे, तो लपवणे योग्य नाही. दाबाखालचे तेल नळीच्या सुईएवढ्या छिद्रातून उडाले तर कातडी भेदून आत शिरते. वरून नुसते टोचल्यासारखे दिसते, रक्तही फारसे येत नाही. पण आतले मांस सडू लागते आणि बोट, कधी हातही गमवावा लागतो. अशा वेळी हळद लावून घरी बसू नये. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जाऊन ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून बघावी. बादली जमिनीवर टेकवल्याशिवाय, इंजिन बंद करून लिव्हर हलवून दाब उतरवल्याशिवाय नळी सोडू नये. उचललेल्या हाताखाली भक्कम टेकू दिल्याशिवाय शिरू नये. यंत्राखाली जाताना चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. साखळीपट्ट्याच्या ग्रीस व्हॉल्व्हसमोर तोंड नेऊ नये.

मालक घाई करतो, टिपर उभे असतात, पोरगा नवा असतो, त्याला नाही म्हणवत नाही. अपघात अशाच वेळी होतात. शिक्षणाचा एक फायदा हाही आहे की माणूस नियम दाखवून नाही म्हणायला शिकतो.

आईचा प्रश्न

त्या मुलाला घेऊन आम्ही पुढच्या जूनमध्ये आयटीआयचा अर्ज भरायला निघालो तेव्हा त्याच्या आईने आम्हाला अडवले. म्हणाली, “भाऊ, आमची सारी जिंदगी मातीत गेली. लेकराचे हात काळे व्हावे म्हणून शाळा शिकवली का? चालवतोय तर चालवू द्या, बसून तर आहे.”

तिच्या प्रश्नाला आमच्याजवळ लगेच उत्तर नव्हते. वाटेत सुचले आणि परत येऊन सांगितले. “वहिनी, तुमचे हात मातीत होते ते कोणी शिकवले म्हणून नव्हते. दुसरे काही करू दिले नाही म्हणून होते. त्या कामाला ना शिक्षण होते, ना कागद, ना मान. याचे हात काळे होतील ते तो शिकला म्हणून. हे काम याला जन्माने लागलेले नाही. हा ते परीक्षा देऊन मिळवणार आहे आणि नको वाटले तर सोडूनही देणार आहे.” ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून तिने त्याला डबा करून दिला.

दोन वर्षे सोपी गेली नाहीत. वर्गात तो सगळ्यांत मोठा. सोबतची मुले त्याला ‘काका’ म्हणून चिडवत. सुटीच्या दिवशी तो यंत्रावर जाऊन घरखर्चाला पैसे आणी. इंग्रजी शब्द त्याला अडत. त्याने एक वही केली. रोज पाच शब्द. प्रेशर, टॉर्क, रिलीफ, सील, बेअरिंग. समोर मराठीत अर्थ आणि शेजारी चित्र. त्याच वहीत प्रत्येक यंत्राचे मीटरवरचे तास, बिघाड आणि उपाय लिहायची सवय त्याने लावून घेतली. अप्रेंटिसच्या वर्षी वरिष्ठ मिस्त्री त्या वहीत पाहून जुना बिघाड सांगायला लावत. आज तो जालन्याकडे एका विक्रेत्याच्या सेवा विभागात आहे. पगाराचा आकडा सांगू नका, असे त्याने आम्हाला बजावले आहे. एवढे सांगतो की आईचे रोजंदारीवर जाणे त्याने बंद केले, आणि धाकट्या बहिणीने यंदा स्वतःहून मोटार मेकॅनिकला अर्ज भरला. मुलींसाठी तेथे जागा राखीव असतात, हेही अनेक पालकांना ठाऊक नसते. गेजवरचा आकडा वाचायला मनगटाचा जोर लागत नाही.

महिन्यातल्या एका रविवारी तो वस्तीवर येतो तेव्हा भंगारातून आणलेला एक जुना हायड्रॉलिक पंप विहाराच्या ओट्यावर खोलून बसतो. आठवी-नववीची पोरे भोवती जमतात. तो प्रत्येकाच्या हातात एकेक सुटा भाग देतो आणि विचारतो, “हे कशासाठी असंल, सांगा बरं?”

दहावीचे निकाल लागतील तेव्हा आपापल्या वस्तीत एक दिवस ठरवा. मुलांना, त्यांच्या आई-वडिलांना बोलवा. गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला समोर ठेवा आणि प्रत्येकाचा अर्ज बसून भरा. ज्याला कॉलेजात जायचे त्याला जरूर जाऊ द्या. पण आयटीआयचे नाव घ्यायचे राहू देऊ नका. आमच्याकडून ते एकदा राहिले होते आणि एका मुलाची सहा वर्षे गेली.

जयभीम!